गूळ, पूर आणि ‘का?’चा रकाना

पहिल्या भेटीत या आईने सुरुवात केली ती कोल्हापूरच्या 2019 च्या महापुरापासून.

“ऑगस्टात पाणी जिन्यापतोर आलतं, मॅडम. ह्याला बोटीतनं काढलं. तीन वर्षांचं होतं. तवापासनं दचकलंय बघा. एका जागी ठरतच नाही.”

ती बोलत होती तोवर मुलाने माझ्या टेबलावरचं पंचिंग मशीन उचलून चार कागदांना भोकं पाडली, पंख्याचं बटण दोनदा दाबलं, बाहेर बाकावर बसलेल्या आजोबांना त्यांचं वय विचारून आला आणि आईचं वाक्य मधेच तोडून म्हणाला, “बोटीत बिस्किटं दिलती.” किती पुडे दिले, तेही सांगितलं. चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता.

हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते मुलापेक्षा आईमुळे. एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांची, लक्षणं आता पुष्कळांना माहीत झाली आहेत. पण आई त्या वागण्याला कारण काय लावते आणि त्या कारणापायी संध्याकाळी सहा वाजता घरात काय घडतं, हे आम्ही समुपदेशकसुद्धा नीट विचारत नाही. मी विचारलं नव्हतं. त्याची किंमत या घराने काही आठवडे मोजली, ते पुढे येईलच. आईच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

घर

मुलगा नऊ वर्षांचा, मराठी शाळेत चौथीला. घर नदीकडच्या एका जुन्या पेठेत. वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, पाळीने कामाला. आई घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. सणाच्या आधी तिचं मशीन रात्री अकरापर्यंत चालतं. सातवीतली बहीण, आणि आजी.

शाळेतल्या बाईंनी डायरीत लिहून पाठवलं होतं: “हुशार आहे, पण करत नाही.” फळ्यावरचं अर्धंच उतरवतो, आठवड्याला दोन-तीन पेन्सिली हरवतो, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडतो, रांगेत ढकलतो. घरी दहा ओळींच्या शुद्धलेखनाला दीड तास. एकदा चेंडूमागे थेट रस्त्यावर धावला, रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचला. आईने तिथेच रस्त्यात त्याला मारलं आणि घरी येऊन स्वतः रडत बसली.

कान आणि डोळे तपासून झाले. बुद्धिमापन वयाला साजेसं आलं, वाचन इयत्तेच्या मानाने ठीक. आई आणि बाई दोघींकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. निदान बालमानसोपचारतज्ज्ञांनी केलं. 2013 पासून वापरात असलेल्या निकषांप्रमाणे लक्ष न टिकण्याची नऊ आणि अतिचंचलतेची नऊ लक्षणं पाहतात. कोणत्याही एका गटातली किमान सहा, किमान सहा महिने, एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यातली काही बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली असावी लागतात. इथे दोन्ही गट भरले.

पूर

पुराचं कारण मी हसण्यावारी नेलं नाही, नेऊही नये. कोल्हापुरात 2019 ला आणि पुन्हा 2021 च्या जुलैत ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्या मुलांपैकी काही खरोखर भेदरली. भेदरलेलं मूलही चुळबुळतं, त्याचंही लक्ष उडतं. वरवर बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसेल. म्हणून मी झोपेचं विचारलं, स्वप्नांचं विचारलं, पाऊस लागला की काय करतो ते विचारलं. झोप शांत. पाऊस लागला की हा राजाराम बंधाऱ्यावर पाणी बघायला न्या म्हणून मागे लागतो.

हा चंचलपणा पुराच्या आधीचा की नंतरचा, याचं उत्तर मिळालं आजीकडून, तेही सहज बोलता बोलता. “दोन वर्षांचं असताना जोतिबाच्या चैत्र यात्रंत हातातनं सुटून पळालं की हे. सासनकाठ्यांच्या गर्दीत. अर्धा तास सापडंना. माझं तर पाणी पाणी झालतं.” म्हणजे पुराच्या आधी वर्षभर. आईला ही गोष्ट पाठ होती, घरात ती कितीदा तरी हसत सांगितली जायची. फक्त ती ‘वांडपणा’च्या खात्यावर जमा होती. आत्ताच्या दुखण्याशी तिचा संबंध कुणी जोडला नव्हता.

गूळ

दुसऱ्या भेटीत दुसरं कारण निघालं. करवीर तालुक्यात आईच्या माहेरच्यांचं गुऱ्हाळ आहे. हंगामात तिथून गुळाची ढेप आणि काकवीचा डबा येतो. मुलाला काकवी-चपाती जीव की प्राण. आईने ती बंद केली होती. “काकवी खाल्ली की अंगात वारं शिरतंय, मॅडम. डोळ्यांनी बघतो मी.” (कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, इथल्या बायका स्वतःबद्दल ‘मी बघतो, मी गेलतो’ असंच बोलतात. तिचे शब्द तसेच ठेवले आहेत.)

गोडाने मुलं उधळतात ही समजूत फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत 1994 साली डॅनियल हूवर आणि रिचर्ड मिलिच यांनी पाच ते सात वर्षांची 35 मुलं घेतली. त्यांच्या आयांच्या मते ही मुलं साखरेने बिघडणारी होती. प्यायला सगळ्यांना बिनसाखरेचंच दिलं, गोडी अस्पार्टेम या कृत्रिम गोड पदार्थाची. निम्म्या आयांना मात्र सांगितलं की तुमच्या मुलाला भरपूर साखर दिली आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल दिसली. शिवाय त्या मुलाच्या जास्त जवळ घुटमळल्या, त्याच्यावर जास्त नजर ठेवली, जास्त टोकलं. पुढच्याच वर्षी अशा अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला, त्यातही साखरेने मुलांचं वागणं बदलत असल्याचं दिसलं नाही.

मी हे तिला साध्या शब्दांत सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे मी बघत बसतो म्हणून मला दिसतंय?” हा प्रश्न तिचा स्वतःचा होता. मी एवढंच जोडलं की काकवी खायला मिळते ते दिवस कोणते ते आठवून बघा. मामाच्या गावाला, चिपाडाच्या ढिगावर दिवसभर उड्या, भावंडं सहा-सात, रात्री बारापर्यंत जाग. त्या दिवसांनंतर कुठलंही पोर उधळेल.

काकवी परत सुरू झाली. दातांसाठी बेताने, एवढंच ठरलं.

कारण ऐकणाऱ्यावर ठरतं

तिसऱ्या भेटीपर्यंत एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली होती. शाळेत बाईंसमोर ती पुराबद्दल बोलायची. सासूसमोर, जिला ती आत्या म्हणते, “शाळेत लक्षच देत नाहीत.” नवऱ्याशी भांडण झालं की “तुमच्यावर गेलंय.” शेजारणीला गूळ. आणि रात्री मशीन बंद केल्यावर स्वतःशी काय बोलता, असं विचारल्यावर तिने मान खाली घातली. “माझंच चुकलंय. ह्याच्या वेळंला मी नऊ महिने मशीनवर बसलो. झाल्यावर बी ह्याला झोळीत टाकून ब्लाउज शिवत हुतो.”

ही खोटं बोलणारी बाई नव्हे. ज्याच्यापुढे तिच्यावर बोट रोखलं जाणार, त्याच्यापुढे ती त्या बोटाला अडवेल असं कारण उभं करत होती. बाईंसमोर पूर बरा पडतो, पुराला कोण काय म्हणणार? उरलेला सगळा दोष रात्री तिच्या एकटीच्या पदरात पडायचा.

‘तुमच्यावर गेलंय’ हे भांडणात आलेलं वाक्य मात्र वस्तुस्थितीच्या सगळ्यात जवळचं होतं. जुळ्यांच्या अभ्यासांतून एडीएचडीतला आनुवंशिक वाटा साधारण 70 ते 80 टक्के निघतो. वडील नववीत शाळा सोडलेले, चार नोकऱ्या बदललेले. आजी म्हणायची, “ह्याचा बा बी असाच हुता. काय बिघडलं त्याचं?” या एका वाक्यात आनुवंशिकताही आहे आणि उपचार नको म्हणणंही. मी वडिलांना पाळी सुटल्यावर बोलावून घेतलं आणि शाळेच्या दिवसांबद्दल विचारलं. ते म्हणाले, “सगळे ढ म्हणायचे. मला समजायचं सगळं, बसवायचं न्हाई.” त्या दिवसापासून घरात ‘तुमच्यावर गेलंय’ शिवीसारखं वापरणं थांबलं, असं आईने नंतर सांगितलं.

मुद्दाम

या सगळ्या कारणांखाली एक पक्कं कारण होतं. ते रागात बाहेर यायचं. “मुद्दाम करतंय. टीव्हीम्होरं दोन-दोन तास हालत नाही. तालमीच्या पोरांत फुटबॉल खेळताना बरं लक्ष असतंय. अभ्यासालाच कसं काय होतंय ह्याला?”

(कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ असतात.) जवळपास प्रत्येक आई मला हे विचारते आणि प्रश्न रास्त आहे. या मुलांकडे लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिथे वळवता आणि धरून ठेवता येत नाही. टीव्हीवर दर काही सेकंदांनी चित्र बदलतं. फुटबॉलमध्ये चेंडू पायाशी आला की लगेच काहीतरी घडतं. शुद्धलेखनाच्या दहाव्या ओळीला असलं काही नसतं, तिथे आतून स्वतःला ढकलावं लागतं, आणि या मुलांचं ते ढकलणंच अधू असतं. याच मुलाला तालमीत गोलकीपर करून बघितला होता. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना तो गोल सोडून कडेच्या भिंतीवर चढलेला सापडला. हे मला आईनेच सांगितलं, आणि सांगता सांगता थबकली.

वैद्यकालाही हे समजायला वेळ लागला. 1902 साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांचं वर्णन केलं तेव्हा त्याला ‘नैतिक नियंत्रणातला दोष’ म्हटलं होतं. आपल्या घराघरांतलं ‘मुद्दाम’ त्याच्या फार लांब नाही.

बर्नार्ड वायनर या मानसशास्त्रज्ञाने कारणं तपासायचे तीन प्रश्न मांडले, ते मी रोज वापरते. कारण माणसाच्या आतलं की बाहेरचं? टिकणारं की आजच्यापुरतं? ताब्यातलं की ताब्याबाहेरचं? ‘मुद्दाम’ म्हणजे आतलं आणि पूर्ण ताब्यातलं. म्हणून राग येतो, हात उठतो. रस्त्यावरचा तो मार इथूनच आला होता.

माझी चूक

निदान झाल्यावर मी तिला समजावून सांगितलं की हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे, “त्याच्या हातात नाही ते.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं, खांदे खाली आले. मला वाटलं काम झालं.

तीन आठवड्यांनी बहीण सोबत आली. सातवीतली मुलगी, ओठ घट्ट मिटलेले. विचारल्यावर फुटली. “त्याला आजार हाय म्हणून त्याचं दप्तर मी भरायचं, बूट मी घालायचे, पसारा मी आवरायचा. त्याला कुणी कायच म्हणायचं नाही. मला आजार झाला तर?”

आईने मार बंद केला होता, ओरडणंही. त्यासोबत मागणंही बंद केलं होतं. शुद्धलेखन ती स्वतः लिहून देत होती. ‘मुद्दाम’ गेलं आणि त्या जागी ‘बिचारा’ आलं. ‘मुद्दाम’मध्ये सगळं मुलाच्या हातात होतं, ‘बिचारा’मध्ये त्याच्या हाती काही करण्यासारखं उरतच नव्हतं. ते वाक्य माझं होतं आणि अर्धंच होतं. पुढचं अर्धं, की मदत दिली तर यातलं बरंच त्याच्या हातात येतं, मी बोललेच नव्हते. आता मी ती दोन वाक्यं कधीच वेगळी बोलत नाही.

वही

मग मी तिला एक शंभरपानी वही दिली. चार रकाने: कधी, काय घडलं, मी काय केलं, का घडलं. शिवणाची मापं लिहायची सवय असल्याने तिची अक्षरं बारीक आणि नेमकी. काही नोंदी जशाच्या तशा:

“सकाळी 7. ब्रश करायला गेला तो टाकीत बोट चालवत बसला. ओरडलो. का: बिचारं, आजार.”

“संध्या. 5.30. गणितं 4 केली, न उठता. काही नाही केलं. का: लाइट गेलती, टीव्ही नव्हता.”

“रात्री. बहिणीला अर्धा वडा दिला. काही नाही. का: पोट भरलं असंल.”

दोन आठवड्यांच्या पानांवर मी शिसपेन्सिलीने फक्त चांगल्या वागण्यासमोर टिंब केलं. अशा नोंदी मोजक्याच होत्या, पण होत्या. आणि त्या प्रत्येकीचं ‘का’ मुलाच्या बाहेर होतं. लाइट गेली म्हणून, पोट भरलं म्हणून, पाहुणे होते म्हणून. वाईट वागण्याचं ‘का’ मात्र दरवेळी त्याच्या आत. ‘मी काय केलं’च्या रकान्यात चांगल्यासमोर ‘काही नाही’.

कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ शार्लट जॉन्स्टन यांनी 1990 च्या दशकात पालकांच्या अशाच कारणांचा अभ्यास केला. एडीएचडी असलेल्या मुलांच्या पालकांना वाईट वागणं जास्त आतलं, जास्त टिकाऊ आणि मुलाच्या ताब्याबाहेरचं वाटतं. चांगलं वागणं मात्र इतर पालकांना वाटतं त्याहून कमी ‘त्याचं’ आणि कमी टिकाऊ वाटतं, असं त्यात आढळलं. मी हे वाचलेलं होतं. तरी त्या वहीत, निळ्या शाईत, ‘पोट भरलं असंल’ वाचताना माझ्या पोटात तुटलं.

त्याच सुमारास डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध कमी मात्रेत सुरू केलं. फरक पडला, बाईंनीही सांगितला. दुपारची भूक मेली, म्हणून सकाळी गोळीआधी पोटभर नाष्टा आणि रात्री उशिरा दुसरं जेवण अशी सोय केली. वजन-उंचीची नोंद डॉक्टर ठेवतात. गोळीबद्दल मला तक्रार नाही, या मुलाला तिचा उपयोग झाला. पण वहीत चौथा रकाना बघता बघता एका शब्दाने भरून गेला. गणितं केली: गोळी. भांडला नाही: गोळी. बाईंनी शाबासकी दिली: गोळी.

मग एक दिवस मुलगाच मला म्हणाला. शाळेत एकाला ढकलून पाडलं होतं, त्याचं विचारत होते. अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, “मी नाही केलं मॅडम. आज गोळी खाल्ली नव्हती.”

आई शेजारीच बसली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, तिने माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर

पुढचे तीन महिने काम झालं ते असं बारीकसारीक. सूचना देताना स्वयंपाकघरातून ओरडायचं नाही, जवळ जाऊन, डोळ्यात बघून, एका वेळी एकच सांगायची. शुद्धलेखन पाच ओळी, मग दारापर्यंत पळत जाऊन येणं, मग पाच. बाईंनी त्याला पहिल्या बाकावर घेतलं आणि वर्गाच्या वह्या गोळा करायचं काम दिलं, उठायचं कारण त्यालाही मिळालं. फुटबॉल शिक्षा म्हणून काढून घ्यायचा नाही, हे वडिलांनी आपणहून कबूल केलं. दप्तर त्याने भरायचं. आतल्या झाकणावर चित्रांची यादी चिकटवली, ती बहिणीने काढली, पण भरायला हात लावला नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते शाबासकीचं. आईला नुसतं ‘शहाणा माझा’ म्हणता यायचं. मी म्हटलं, त्याने काय केलं ते सांगा. “उठावंसं वाटत होतं तरी शेवटचं गणित पुरं केलंस.” सुरुवातीला तिला हे नाटकी वाटायचं. एकदा वैतागून म्हणाली, “आमच्या घरात कुणी कुणाला असं म्हटलेलं नाही हो आजवर. मला तरी कोण म्हणालंय?” त्या भेटीत आम्ही मुलाबद्दल फार बोललो नाही.

अजून सगळं सुरळीत नाही. पेन्सिली हरवतात. दिवाळीच्या हंगामात, शिवण अंगावर आली की तिचा हात उठतो, वहीत ती ते लिहितेही. आजीचं म्हणणं अजून तेच, कामाला लागला की सुधारंल.

मी शेवटचं पाहिलेलं पान एका रविवारचं आहे. रविवारी गोळीला डॉक्टरांनी सुट्टी दिलेली. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आई त्याला घेऊन गेली होती. म्हशीची धार काढून होईतो थांबावं लागतं, गर्दी होती. तो किटली धरून थांबला, ढकलाढकली नाही, पळापळ नाही. ‘का’च्या रकान्यात आधी ‘गोळी’ लिहिलंय, मग वार आठवून ते खोडलंय. खाली ‘म्हशी बघत असंल’ लिहिलंय, तेही खोडलंय. त्याखाली, ओळीत न मावल्याने समासात वळवून लिहिलंय:

“त्यालाच विचारलं. म्हणाला, पळावंसं वाटत होतं म्हणून पुढच्या काकांच्या शर्टावरच्या चौकटी मोजल्या. 64 झाल्या. मग परत उलट्या मोजल्या.”